डॉक्टरांना मनाचं दुखणं कसं सांगायचं?

आम्ही तीर्थपुरी परिसरात महिला बचत गटांचं काम पाहणाऱ्या बाया. आज आपण मनाच्या दुखण्याबद्दल बोलणार आहोत. हे दुखणं घेऊन कुठं जायचं, कुणापुढे मांडायचं आणि काय शब्दांत मांडायचं, एवढाच आजचा विषय आहे.

गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, वहीवर सह्या-अंगठे झाले, की गप्पा दुखण्याखुपण्यावर येतात. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाची शुगर. पण काही तक्रारी अशा असतात, की त्या दर महिन्याला तशाच्या तशा ऐकू येतात. "जीव घाबरतो गं." "डोकं जड राहतं." "रात्री दोनला जाग येते, मग डोळा लागतच नाही." "हातापायातलं बळच गेलंय." "काही गोड लागत नाही, कशातच मन रमत नाही." ही तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जाते आणि डॉक्टरांना सांगते, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून द्या." सलाईन लागतं. एक-दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा तेच.

आता त्या सलाईनचा हिशोब बघू. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर सलाईन जीव वाचवतं. पण अशक्तपणा म्हणून जी साखरेची बाटली लावतात, त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे पाच चमचे. बाकी पाणी. त्यासाठी आपण एक दिवसाची मजुरी देतो, आणि ज्या कारणानं बळ गेलंय ते कारण जागच्या जागी राहतं.

ते कारण रक्त कमी असणं असेल, थायरॉईड असेल, शुगर असेल. आणि पुष्कळदा ते मनाचं दुखणं असतं. ते डॉक्टरांना कळत नाही, कारण आपण ते सांगतच नाही. आपण डोकं, पाठ, पोट सांगतो आणि मन घरी ठेवून जातो.

मनाचं दुखणं अंगावर कसं येतं

आपण सगळ्या जणी हे अनुभवलेलं आहे. वाईट बातमी आली की पोटात गोळा येतो. पोरगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही की छाती धडधडते. म्हणजे मन आणि अंग वेगळं नाहीच. काळजी दोन दिवसांची असली तर अंग सावरतं. ती महिनोन् महिने राहिली, तर झोप मोडते, भूक मरते, मान-पाठ आखडते, पित्त वाढतं, डोकं ठणकतं. ही सोंगं नाहीत. दुखणं खरं असतं, फक्त त्याचं मूळ दुसरीकडे असतं.

गोव्यात बायकांच्या आरोग्यावर एक अभ्यास झाला होता. अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार करणाऱ्या बायका त्यात तपासल्या. जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण आणि घरातली परिस्थिती यांच्याशीच त्या तक्रारीचा संबंध जास्त दिसला. याचा अर्थ तपासणी करू नका असा मुळीच नाही. तपासणी करायचीच. पण तपासणीत काही निघालं नाही, औषधाचे दोन-तीन कोर्स झाले आणि तक्रार तशीच राहिली, तर डॉक्टरांशी मनाबद्दल बोलायची वेळ आली असं समजायचं.

इथं एक गोष्ट साफ करू. मन आजारी असणं म्हणजे वेड लागणं नव्हे. सगळ्यांत जास्त आढळणारे मनाचे आजार दोन. एक नैराश्य, म्हणजे उदासी. दुसरा चिंतेचा आजार, म्हणजे सतत भीती आणि धास्ती. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. दर दहा प्रौढ माणसांमागे साधारण एकाला मनाचा कुठला ना कुठला आजार आढळला. उदासी आणि चिंता यांसारखे नेहमीचे आजार असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ८५ जणांवर काहीच उपचार नव्हते. म्हणजे आपल्या वीस बायांच्या दोन गटांत तीन-चार जणी सहज असतील. आणि त्यातल्या बहुतेक जणी गप्प.

डॉक्टर लोक सुरुवातीला दोन साधे प्रश्न विचारतात. ते आपण स्वतःलाही विचारू शकतो. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश राहिलं का? गेल्या दोन आठवड्यांत ज्या कामात, ज्या माणसांत आधी गोडी वाटायची, त्यात आता गोडी वाटत नाही असं झालं का? यातल्या एकालाही उत्तर 'हो' असेल आणि त्यानं घरचं, शेतातलं काम अडायला लागलं असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं.

आपले नेहमीचे डॉक्टरच का?

मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना येरवडा आठवतं. तिथं जायची काही गरज नसते. उदासी आणि चिंता यांचे बरेचसे आजार साध्या डॉक्टरांकडे ओळखता येतात आणि बरे करता येतात. जो डॉक्टर तुमच्या सासूबाईंचं बीपी बघतो, पोराला ताप आला की औषध देतो, त्याला तुमचं घर माहीत असतं. त्याच्याकडे जाताना कुणी विचारत नाही, की कशाला गेली होतीस.

यावर आपल्या शेजारच्या गोव्यात मोठं काम झालं आहे. 'संगाथ' या संस्थेनं १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने निवडले. निम्म्या ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला एक समुपदेशक दिली. ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती. तिला या कामाचं खास शिक्षण देऊन तयार केलेलं होतं. ती पेशंटशी निवांत बोलायची, आजार समजावून सांगायची, गोळी का बंद करायची नाही ते सांगायची, पुन्हा भेटायला बोलवायची. २०१० साली त्याचा निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत जिथं अशी समुपदेशक होती, तिथं सहा महिन्यांत शंभरातले सुमारे ६६ पेशंट बरे झाले. जिथं नव्हती, तिथं सुमारे ४२.

खाजगी फॅमिली डॉक्टरांकडे मात्र समुपदेशक असो नसो, शंभरात ६५ च्या आसपास पेशंट बरे झाले. आम्ही यातून असा अर्थ घेतो, की डॉक्टर ओळखीचा असला, त्यानं ऐकून घेतलं आणि पेशंट पुन्हा त्याच्याकडे गेला, तर साध्या दवाखान्यातही मनाचं दुखणं बरं होतं. आणि जिथं डॉक्टरांना वेळ नाही, तिथं कुणीतरी जोडीला बसून बोलणारं लागतं.

आता विदर्भात येऊ. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत याच संस्थेनं 'विश्राम' नावाचं काम केलं. शेतकरी आत्महत्यांचा तो भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या आजाराबद्दल सांगितलं, लोकांना दवाखान्याशी जोडून दिलं. काम सुरू होण्याआधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारच जण मदत घ्यायला जायचे. साधारण दीड वर्षात ते २७ वर गेले. गाव तेच, लोक तेच. फरक एवढाच पडला, की त्या विषयावर बोलायला सुरुवात झाली.

जायच्या आधी एक चिठ्ठी करा

डॉक्टरांकडे गर्दी असते. आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात. आत गेल्यावर आपण घाबरतो आणि नेमकं सांगायचं तेच राहून जातं. म्हणून घरीच चिठ्ठी करा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा गटातल्या मैत्रिणीकडून लिहून घ्या. चिठ्ठीत एवढं असू द्या:

काय होतंय आणि कधीपासून. "पोळ्यापासून", "कापूस वेचणी संपल्यापासून" असं सांगितलं तरी चालतं.

झोप, भूक, पाळी यांत काय फरक पडला.

कोणतं काम आता होत नाही. स्वयंपाक, धुणं, निंदणी, गटाला येणं.

सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. बीपीच्या, शुगरच्या, थायरॉईडच्या, मूल न होण्याच्या, मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या, आयुर्वेदिक काढे, सगळं. मिश्री, तंबाखू लावत असाल तर तेही.

दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितं का. बाळंतपणानंतरही नैराश्य येतं आणि त्यावर इलाज आहे. पण औषध त्या मानानं निवडावं लागतं.

घरात अलीकडे काय घडलं. कुणी गेलं का, कर्ज झालं का, मारहाण होते का.

आणि मरून जावं असं मनात येतं का. हे लपवायचं नाही.

बाजाराच्या दिवशी जाऊ नका, दवाखान्यात उभं राहायला जागा नसते. गर्दी कमी असते तेव्हा जा. सोबत विश्वासाची बाई न्या. आत गेल्यावर पहिलंच वाक्य हे म्हणा: "डॉक्टर साहेब, आज अंगाचं दुखणं नाही, मनाचं सांगायला आलेय." हे वाक्य पहिलं हवं. निघताना दारात उभं राहून सांगितलं, तर तोवर गोळ्या लिहून झालेल्या असतात. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर बोलता येत नसेल तर सरळ म्हणा, "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय." लाज वाटली तर चिठ्ठीच त्यांच्या हातात द्या.

डॉक्टर काय करतील

चांगले डॉक्टर आधी ऐकतील, मग तपासतील. रक्त, थायरॉईड, शुगर या तपासण्या सांगू शकतात. थायरॉईड कमी असलं किंवा रक्त कमी असलं तरी गळून गेल्यासारखं होतं, मन लागत नाही. म्हणून या तपासण्या टाळू नका.

मग ते बोलून काही गोष्टी सुचवतील. झोपायची-उठायची वेळ ठरवणं, रोज थोडं चालणं, माणसांत जाणं. गरज असेल तर गोळ्या देतील. या गोळ्यांबद्दल चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात गुण देत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. पहिल्या काही दिवसांत मळमळ, तोंड कोरडं पडणं, डोकं दुखणं असा त्रास होऊ शकतो. तो बहुतेक वेळा कमी होतो. पण बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

दुसरी, बरं वाटलं की गोळी बंद करायची नाही. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी ती चालू ठेवावी लागते, आणि नंतर डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतात.

तिसरी, नैराश्याची गोळी आणि झोपेची गोळी एक नव्हे. नैराश्याच्या गोळीचं व्यसन लागत नाही. झोपेच्या गोळीची मात्र सवय लागते. ती थोड्याच दिवसांसाठी असते. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनानं आणून वर्षानुवर्षं घ्यायची नाही.

चौथी, एकीची गोळी दुसरीनं घ्यायची नाही. अंगात कधी उलट अति उत्साह येतो, झोप नसताना माणूस सारखं बोलत-पळत राहतं, किंवा नसलेले आवाज ऐकू येतात, असं कधी झालं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. त्याचं औषध वेगळं असतं आणि त्यासाठी मानसोपचाराचे डॉक्टरच लागतात.

निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: मला काय झालंय, ही गोळी किती दिवस घ्यायची, आणि परत कधी येऊ? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगतो, नाव नाही सांगत. त्यांनी धीर करून डॉक्टरांना सांगितलं. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या आणि मनाची गोळी दोन्ही चालू झाल्या. दहाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "गुण नाही, नुसती मळमळ. फेकून दे." त्यांनी गोळी बंद केली. गटाच्या सचिव ताई घरी गेल्या, सासूबाईंनाच सोबत घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी सासूबाईंना समजावलं, गोळीची वेळ बदलून दिली. महिना भरला तेव्हा ताई पहाटेपर्यंत झोपायला लागल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. कर्ज आहेच. पण आता त्या बैठकीला येतात आणि हिशोब स्वतः बघतात.

गोळीनं न सुटणारं

नवरा मारत असेल, तर बायकोला गोळी देऊन मार थांबत नाही. ते डॉक्टरांना सांगा, आणि १८१ या महिला मदत क्रमांकावरही बोला. कर्जाचा तगादा असेल तर तो गटासमोर मांडा. मनाचा इलाज आणि संकटाचा इलाज, दोन्ही एकाच वेळी चालवावे लागतात.

काही जण म्हणतात, "देवाचं नाव घे, मन घट्ट कर." मनाला समजावणारे २०५ श्लोक लिहिणारे समर्थ रामदास आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. श्लोक जरूर म्हणा, भजनाला जा, मनाला आधार मिळतो. त्यासोबत डॉक्टरांचा इलाजही चालू ठेवा. मात्र अंगात आलंय म्हणून कुणी बाईला बांधलं, मारलं, चटके दिले, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

आणखी एक भीती असते: "गोळ्या चालू आहेत कळलं तर वेडी ठरवून सोडून देतील." २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलंय, की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस वेडा ठरत नाही, ते फक्त कोर्ट ठरवू शकतं. तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं हेही इलाज करणाऱ्यांचं कर्तव्य आहे.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषध मोफत आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातून मानसोपचाराची सोय केलेली असते, तिथं पाठवायला आपल्या डॉक्टरांना सांगा. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी शासनानं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला जालना आहे. आशाताईंना त्याबद्दल विचारा. घराबाहेर पडणंच शक्य नसेल, तर १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. रात्री-बेरात्री कधीही, मराठीत, फुकट.

जीवावर बेतलं तर

कुणी म्हणालं, "आता जगून काय करू," तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "मरायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आपल्या घरांत फवारणीचं औषध पलंगाखाली, खुंटीवर ठेवलेलं असतं. ते कुलपात ठेवा, नाहीतर काही दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवा. वाईट घडलंच, तर मीठपाणी पाजून उलट्या काढत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीनं थांबू नका. २०१७ च्या त्याच कायद्यानं असा माणूस मोठ्या ताणाखाली होता असं धरलं जातं आणि सहसा त्याला शिक्षा होत नाही.

गटानं काय करायचं

आमच्या गटांनी चार गोष्टी ठरवल्यात. एखादी बाई लागोपाठ दोन बैठकांना आली नाही, तर दंड लावण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं. तिला दवाखान्यात जायचं असेल, तर एकीनं सोबत जायचं आणि पुढची तारीख लक्षात ठेवायची. दवाखान्याच्या खर्चाला अंतर्गत कर्ज आधी द्यायचं. आणि बैठकीत बोललेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. ही शेवटची अट मोडली, तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

मैत्रिणींनो, शेतातल्या बैलानं चारा सोडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. स्वतःची भूक आणि झोप मेली, तर वर्षभर वाट बघतो. तेवढं थांबू नका. येत्या बैठकीत ते दोन प्रश्न सगळ्या जणींनी एकमेकींना विचारा. ज्या ताईचं उत्तर 'हो' येईल, तिची चिठ्ठी तिथंच बसून लिहा आणि सोबत कोण जाणार तेही तिथंच ठरवा.